आईचं मशीन आणि अनगोळची धूळ

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा पाहुणा चौथ्या रेल्वे गेटापर्यंत न चुकता येतो आणि तिथून फोन करतो. मग मी त्याला अनगोळातल्या गल्ल्या समजावून सांगतो. एवढं करून तो घरात आला, चपला काढल्या, पाण्याचा तांब्या पुढं आला, की त्याची नजर हमखास एका भिंतीकडं जाते. तिथं पाच यंत्रं ओळीनं मांडलेली आहेत. कुणाला चाकं आहेत, कुणाला खाली लोखंडी पट्ट्या आहेत, आणि प्रत्येकाच्या तोंडाला लांब नळी आहे. "सर, फवारणीचे पंप ठेवलाय काय?" असं आमच्या शिवारातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं विचारलं होतं.

पंप नव्हेत, ते व्हॅक्यूम क्लीनर आहेत. हल्ली मिळतात तसले हातात धरायचे किंवा जमिनीवर आपले आपण फिरणारे नव्हेत. डबा जमिनीवर, नळी हातात, आणि चालू केलं की शेजारच्या घरात कळेल एवढा आवाज, असले जुने. मी ते जमवतो. आणि नुसते जमवत नाही, आळीपाळीनं वापरतोही. आज सोमवार, म्हणजे जपानीची पाळी.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. इतिहासाच्या मास्तरानं जुनी नाणी जमवावीत, मोडी कागद जमवावेत. सहकारी मला चिडवतात, "सर, तुम्ही इतिहास सोडून केर गोळा करायला लागलात." मी त्यांना पुण्याच्या दिनकर केळकरांचं उदाहरण देतो. त्यांनी अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी जमवली आणि त्या घरगुती वस्तूंतून एक मोठं संग्रहालय उभं राहिलं. आपल्या गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी त्याला दिलं. माझा आवाका तेवढा नाही. पण जमवण्यामागं गेलेलं माणूस असतं, ही गोष्ट मला त्यांच्याइतकीच ठाऊक आहे.

अनगोळ हे एके काळी स्वतंत्र गाव. आता ते बेळगाव महापालिकेत आहे, तरी गावपण पुरतं गेलेलं नाही. एका अंगाला उद्यमबागेतले कारखाने, एका अंगाला भाग्यनगरचे बंगले, आणि पलीकडं भाताचं शिवार. अशा ठिकाणी धुळीला काय तोटा! सुगीत मळणीची धूळ, उन्हाळ्यात तांबड्या मातीची धूळ, आणि नवी घरं उठायला लागली तशी बारमाही सिमेंटची धूळ. आमचं जुनं घर कौलारू होतं. कौलांच्या फटींतून जे बारीक पीठ खाली यायचं, ते सकाळी झाडलं तरी दुपारी पुन्हा अंथरुणावर हजर. पावसाळ्यात धूळ बसायची, पण चार महिने गाद्यांना कुबट वास यायचा.

आईला दमा होता. ती मूळची निपाणीची. तिच्या लहानपणी घराच्या आसपास तंबाखूच्या वखारी होत्या. हंगामात वाऱ्याबरोबर तंबाखूची भुकटी घरात यायची आणि गल्लीतली लहान मुलं ओळीनं शिंकायची, असं ती हसत सांगायची. तिचा दमा तिथला की इथला, हे कुणी शोधलं नाही. तेव्हाच्या बायकांच्या दुखण्याचं मूळ शोधायची पद्धतच नव्हती. सकाळी साडेपाचला उठायचं, पदर नाकाला लावायचा आणि घर झाडायला सुरुवात करायची. झाडून झालं की ती उंबऱ्यावर बसून दहा-पंधरा मिनिटं नुसता श्वास घ्यायची. आम्हां भावंडांना वाटायचं, आई रोज उंबऱ्यावर बसते ती विश्रांती घ्यायला.

1994 सालची गोष्ट. मी पंधरा वर्षांचा होतो. भर दुपारी गळ्यात टाय बांधलेला एक तरुण आमच्या दारात उभा राहिला. हातात मोठी पेटी. अनगोळात तेव्हा टाय फक्त लग्नात नवरदेवाच्या गळ्यात दिसायचा. तो आधी कन्नडमध्ये बोलला, मग बाबांचा चेहरा बघून मराठीत. "काही घेऊ नका काका, फक्त बघा." असं म्हणत त्यानं पेटी उघडली, नळी जोडली आणि नळीच्या तोंडात एक पांढरं स्वच्छ फडकं अडकवलं. मग आईनं त्याच सकाळी झटकून घातलेल्या गादीवरून ते तोंड चार-पाच वेळा फिरवलं. फडकं काढून दाखवलं, तर मधोमध काळपट करडा गोल.

आईचा चेहरा पडला. तो गेल्यावर ती बाबांना म्हणाली, "घर घाण आहे म्हणून चारचौघांत दाखवून गेला की तो." दोन दिवस तिचा राग होता. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "पण ते सगळं माझ्या नाकात जात होतं ना?" बाबांच्या जवळजवळ दीड महिन्याच्या पगाराइतकी किंमत. हप्ते बांधून घेतले आणि युरोक्लीन घरात आलं.

ती फडक्याची युक्ती त्या पोराची नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. 1901 साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरनं धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं. त्याला वाटलं, फुंकण्यापेक्षा धूळ ओढून का घेऊ नये? मग त्यानं एका हॉटेलातल्या खुर्चीवर हातरुमाल ठेवला आणि त्याला तोंड लावून श्वास जोरात आत ओढला. रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उठला. त्याच वर्षी त्यानं यंत्र केलं. ते एवढं अवजड, की घोड्यांनी ओढून रस्त्यावर उभं करायचं आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडायच्या. सातव्या एडवर्डच्या 1902 च्या राज्यारोहणासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे या यंत्रानं साफ केले. पुढं अमेरिकेत ओहायो राज्यात जेम्स मरे स्पँगलर नावाचा एका दुकानातला सफाई कामगार होता. त्याला दमा. झाडताना धूळ नाकात जायची म्हणून त्यानं पंख्याची मोटर, झाडूची काठी आणि उशीचा अभ्रा जोडून हलकं यंत्र केलं, 1908 मध्ये पेटंट घेतलं आणि मग ते हूवर कुटुंबाला विकलं. हूवर हे नाव जगाला माहीत झालं, स्पँगलर मागं राहिला. पण हे यंत्र घरात आलं ते झाडू मारणाऱ्या एका दमेकरी माणसामुळं, हे वाचलं तेव्हा मला आमचा उंबरा आठवला.

आपला जमिनीवरचा डबा आला स्वीडनमधून. ॲक्सेल वेनर-ग्रेन या तरुणानं 1908 साली व्हिएन्नातल्या एका दुकानाच्या काचेत व्हॅक्यूम क्लीनर बघितला आणि हे घरोघर विकता येईल, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यातूनच पुढं 1919 साली इलेक्ट्रोलक्स कंपनी उभी राहिली. 1921 च्या त्यांच्या 'मॉडेल पाच'ला खाली घसरपट्ट्या होत्या. डबा आडवा निजवायचा आणि बर्फावरच्या गाडीसारखा मागून ओढत न्यायचा. माझ्या भिंतीजवळचं सगळ्यात जुनं यंत्र याच घराण्यातलं, पण बरंच नंतरचं. कॅम्पातला एक जुना बंगला रिकामा होत होता. भंगारवाला वजनावर घेणार होता, मी त्याच्या आधी पोचलो.

भारतात ही घरोघरची विक्री आली 1982 मध्ये. इलेक्ट्रोलक्स आणि टाटांकडची फोर्ब्स कंपनी यांनी मिळून युरेका फोर्ब्स काढली. फोर्ब्स हे नाव त्याहून किती तरी जुनं. जॉन फोर्ब्स या स्कॉटिश व्यापाऱ्यानं 1767 साली मुंबईत पेढी घातली, ती ही. आणि आता आपल्या जिल्ह्याची गंमत ऐका. 1990 च्या दशकात या कंपनीचं नाव होतं 'फोर्ब्स गोकाक'. होय, आपलं गोकाक. गोकाकच्या धबधब्याकाठची सूतगिरणी आणि दारोदार धूळ ओढणारं मशीन एकाच छत्राखाली होतं. 2007 मध्ये कंपनीचं नाव 'फोर्ब्स अँड कंपनी' झालं आणि गिरणी 'गोकाक टेक्स्टाइल्स' म्हणून वेगळी निघाली. 2022 मध्ये युरेका फोर्ब्स ॲडव्हेंट इंटरनॅशनल या गुंतवणूक कंपनीकडं गेली.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. 2006 साली माझं लग्न ठरत होतं. मुलगी गोकाकची, घरची भाषा कन्नड. आमच्याकडं बाबांना कन्नड कामापुरतं येतं, आईला "बर्री", "कूड्री" आणि "चहा कुडीरी" एवढंच. पाहुणे बसले होते. दोन्हीकडचे लोक एकमेकांकडं बघून नुसते हसत होते. शांतता फार लांबली तशी मुलीच्या वडिलांची नजर कोपऱ्यातल्या मशीनवर गेली. ते गोकाकच्या गिरणीत फिटर होते. ते उठले, मशीनजवळ उकिडवे बसले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "इदु नम्म कंपनीदु!" हे आमच्या कंपनीचं!

आईला शब्द कळले नसतील, पण कौतुक कळलं. ती पुढं झाली, खोकल्याची ॲक्टिंग करून दाखवली, मग मशीनकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "धूळ." सासरे मान डोलवत म्हणाले, "हौदु, धूळ." धूळ दोन्ही भाषांत एकच. आमची सोयरीक या एका शब्दावर जुळली, असं मी अजून सांगतो आणि बायको अजून डोळे वटारते.

लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात गोकाकला गेलो. बेळगावहून साधारण साठ किलोमीटर. घटप्रभा भरून वाहत होती. तिथं नदी बावन्न मीटर खाली उडी घेते, घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून, आणि पावसाळ्यात पाण्याचा रंग चहासारखा होतो. वरून दोनशे मीटरचा झुलता पूल. पुलावर उभं राहिलं की पायाखालची फळी कापते आणि शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. याच पाण्याच्या जोरावर एकोणिसाव्या शतकात इथं गिरणी उभी राहिली. 1887 साली इथं पाण्यावर वीज केली, हे तिथला प्रत्येक माणूस अभिमानानं सांगतो.

पुलाच्या टोकाला चहा पिता पिता सासऱ्यांनी मला माझ्याच घरातलं मशीन समजावून दिलं. मी आजवर समजत होतो की ते धूळ ओढतं. ते म्हणाले, ओढत नाही. आतला पंखा हवा मागच्या बाजूनं बाहेर फेकतो, त्यामुळं डब्यात हवेचा दाब कमी होतो. बाहेरची हवा ती उणीव भरून काढायला नळीतून आत धावते आणि जाताना धूळ घेऊन जाते. धूळ पिशवीत अडकते, गाळलेली हवा मोटरवरून जाते, तिला थंड करते आणि मागनं बाहेर पडते. म्हणून पिशवी गच्च भरली की दोन गोष्टी होतात. जोर कमी होतो आणि मोटर तापते. "नदीला बांध घालून वर धबधबा वाहिना म्हणायचं, तसं ते," असं ते म्हणाले. गिरणीत कापसाचे तंतू हवेत तरंगतात, ते ओढून घ्यायला मोठाले पंखे असतात. घरातलं मशीन हे त्या पंख्याचं पिल्लू. येताना करदंटाचे दोन डबे आणि एक स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी माझ्या पिशवीत घातला.

आईनं ते मशीन बावीस वर्षं चालवलं. ते चालू करायच्या आधी तिचा एक नेम होता. सगळ्या खिडक्या उघडायच्या. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. जुन्या काळच्या पुष्कळ यंत्रांत कापडी पिशवी असते. ती मोठी धूळ धरते, पण अगदी बारीक कण तिच्यातून सुटून मागच्या हवेबरोबर पुन्हा खोलीत येतात. आजच्या यंत्रांत 'हेपा' म्हणून जी चाळण असते, ती 0.3 मायक्रॉनचे कणसुद्धा 99.97 टक्के अडवते. आमच्या मशीनला ते नव्हतं. म्हणून खिडक्या उघड्या, आणि पिशवी रिकामी करायचं काम बाबांचं, तेही परसात, नाकाला ओलं फडकं बांधून. मशीन आल्यावर आईचा दमा गेला, असं मी म्हणणार नाही. दमा राहिला. पण सकाळचं उंबऱ्यावर बसणं कमी झालं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

2017 च्या जानेवारीत आई गेली. बाबांनी मशीनवर तिच्या जुन्या लुगड्याचं कापड घातलं आणि ते कोपऱ्यात सरकवलं. कुणी त्याचं नाव काढलं नाही. घर झाडायला वडगावच्या मावशी येत होत्या, त्यामुळं गरजही पडली नाही.

मग 2020 चं लॉकडाऊन आलं. मावशींचं येणं बंद झालं. बायको आणि मी दोघंही घरातून ऑनलाइन शिकवत होतो. एके दिवशी मी लुगडं बाजूला केलं, प्लग लावला, बटण दाबलं. आतून घुं असा दबका आवाज आला, जळका वास आला आणि सगळं थांबलं. मला वाटलं, मी आईचं मशीन मारलं. खरं सांगतो, तिच्या दहाव्याला आलं नव्हतं तसं रडू त्या दिवशी आलं.

रात्री गोकाकला व्हिडिओ कॉल लावला. सासऱ्यांनी मला फोन इकडं धर, तिकडं धर असं करत मोटर उघडायला लावली. या मोटरच्या दोन बाजूंना कोळशाचे छोटे ठोकळे असतात, त्यांना आपल्याकडं नुसतं 'कार्बन' म्हणतात. ते स्प्रिंगनं फिरत्या तांब्याच्या कड्यावर दाबलेले असतात आणि मिनिटाला वीस हजारांवर फेरे होणाऱ्या त्या कड्याला घासून घासून झिजतात. आमचे कार्बन झिजून चवळीएवढे राहिले होते. शिवाय तीन वर्षं पडून बेअरिंगचं ग्रीस सुकलं होतं. सासरे म्हणाले, "मशीन हाळागिल्ल. कार्बन होग्याव." मशीन बिघडलेलं नाही, कार्बन संपलेत. आणि मग कन्नडमध्येच एक वाक्य बोलले, त्याचा अर्थ असा, की चालवून जेवढं झिजलं नाही तेवढं ठेवून खराब झालं.

निर्बंध सैल झाल्यावर मी उद्यमबागेत गेलो. तिथल्या एका वाइंडिंगवाल्याकडं या मशीनचे कार्बन नव्हते. त्यानं मिक्सरचे काढले. मिक्सर, ड्रिल आणि व्हॅक्यूम क्लीनर यांच्या मोटरी एकाच जातीच्या असतात, हे तिथं कळलं. मिक्सरचा कार्बन थोडा मोठा होता, तो त्यानं कानशीनं घासून बसवला. बेअरिंग बदललं. सगळे मिळून एका जेवणाच्या खर्चात काम झालं.

घरी आणून चालू केलं. तोच आवाज. बाबा परसात कुंड्यांना पाणी घालत होते. ते झारी तशीच ठेवून आत आले, दारात थांबले. मी वाट बघत होतो, आता काय म्हणतात. ते म्हणाले, "खिडक्या उघडा की आधी."

त्या दिवसापासून मला हे वेड लागलं. आधी सुटे भाग मिळावेत म्हणून तसलंच दुसरं मशीन भंगारातून आणलं. ते चालायला लागलं, म्हणून ते मोडवेना. मग आखातातून परतलेल्या एका कुटुंबाकडचं 'नॅशनल' आलं. तिकडून येणारी माणसं टेपरेकॉर्डरबरोबर असली यंत्रंही आणत, आणि गॅलरीत ठेवून विसरत. मग एका बंद झालेल्या लॉजमधला पिंपाएवढा, पाणीही ओढणारा डबा. आणि शेवटी कॅम्पातला घसरपट्टीवाला. अमेरिकेत, इंग्लंडात अशा संग्राहकांचे क्लब आहेत म्हणतात. बेळगावात माझ्याशिवाय दुसरा भेटला नाही. भेटला तर चहाला यावं.

ज्यांच्या माळ्यावर असं यंत्र पडलंय, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. जुन्या लोखंडी यंत्राला पुष्कळदा दोनच पिनांचा प्लग असतो, अर्थिंग नसतं. जाणत्या माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय त्याला हात लावू नका. वायर कडक होऊन चिरली असेल तर आधी ती बदला. नळी मुठीजवळ फाटते, ती चिकटपट्टीनं निभावते. साध्या यंत्रानं पाणी किंवा गरम राख कधीही ओढू नका. पिशवी मिळत नसेल तर घट्ट विणीच्या सुती कापडाची दुहेरी शिवता येते. आमच्याकडं ती बायको शिवते. पण ज्या घरात दमेकरी आहे, तिथं त्यानं त्या वेळी बाहेरच बसावं, किंवा सरळ आजच्या चाळणीचं नवं यंत्र घ्यावं. माया जुन्यावर करावी, पण श्वासाशी खेळू नये. आणि महिन्यातून एकदा तरी दहा मिनिटं चालवावं. ठेवलेलं यंत्र आतून गंजतं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगताना मला जरा अवघड वाटतं. आमच्या मावशी पाच घरं झाडतात. गेल्या उन्हाळ्यात त्या उंबऱ्यावर बसलेल्या दिसल्या. नाकाला पदर, आणि तोच तो मोजून घेतलेला श्वास. मी तीस वर्षांपूर्वी ते बघितलं होतं आणि मला कळलं नव्हतं. आता कळत असूनही, घरात पाच यंत्रं ओळीनं मांडून ठेवून, मी झाडू दुसऱ्या एका बाईच्याच हातात दिला होता. माझं मशीन चालवणं म्हणजे रविवारचा छंद. रोजची धूळ तिच्याच छातीत.

मी त्यांना म्हटलं, "मावशी, यातलं एक मशीन घरी घेऊन जा." त्या हसल्या. "माझ्या दोन खोल्यांत लावायचं कुठं सर? आणि लाइटचं बिल?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "खरं सांगू? मशीन घेतलं म्हणून माझं एक घर सुटलंय. बाईंनी सांगितलं, आता आमचं आम्ही करतो." मला उत्तर सुचलं नाही. छंदाच्या कौतुकात मी या बाजूनं कधी बघितलंच नव्हतं.

शेवटी तोडगा त्यांनीच काढला. "तुमच्याकडं मशीन मीच लावते. पण पगारात कमी करायचं नाही, आणि बिघडलं तर माझ्यावर घालायचं नाही." दोन्ही अटी मान्य. आता आमच्याकडं गाद्या, जळमटं आणि कोपरे त्या मशीननं काढतात. बाकीच्या चार घरांत झाडूच आहे. त्यांच्या छातीला त्यानं कितीसा आराम पडणार, मला ठाऊक आहे. पिशवी मात्र मी रिकामी करतो, परसात, नाकाला ओलं फडकं बांधून. घरात पाचातलं आईचं मशीन त्यांना सर्वांत आवडतं. त्या त्याला "आक्कांचं मशीन" म्हणतात. सुरू करायच्या आधी खिडक्या उघडतात. त्यांना हे कुणी शिकवलं, मी विचारलं नाही. बाबांनीच शिकवलं असणार.

परवाच्या खंडेनवमीला उद्यमबागेत सगळीकडं झेंडूची तोरणं लागली होती. आपल्याकडं हा सण मराठी-कन्नड दोन्ही घरांचा. कुणी त्याला खंडेनवमी म्हणतं, कुणी आयुधपूजा. ज्यानं पोट भरतं, त्याला त्या दिवशी हात जोडायचे. आई असताना ती केरसुणीशेजारी मशीन ठेवायची आणि दोघांना हळदकुंकू लावायची. बायकोनं तसंच पाचही यंत्रांना लावलं. बाबा खुर्चीत बसून बघत होते, मुलं आईशी कन्नडात आणि माझ्याशी मराठीत भांडत होती. मावशींनी आपला झाडू आणून ओळीत शेवटी ठेवला. मी तो उचलून आईच्या मशीनशेजारी, पहिल्या जागी ठेवला.

बायको म्हणाली, "कसदिंद रस." कन्नडात 'कस' म्हणजे केरकचरा, आणि ही म्हण टाकाऊतून काही चांगलं काढायची. माझ्या मराठी कानाला 'कस' म्हणजे सोन्याचा कस, जमिनीचा कस. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी तिच्या तोंडून तो शब्द आला की मी क्षणभर गोंधळतो, यातला कुठला? त्या दिवशी मात्र गोंधळ झाला नाही. दोन्ही अर्थ बरोबरच होते.